गाडीत बोलली जाणारी मराठी

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, शरणपूर रोडच्या परिसरातले ख्रिस्ती कुटुंब, गेली 9 वर्षे मेलबर्नमध्ये राहतो. आमचा 12 वर्षांचा मुलगा इंग्रजीतली ती प्रसिद्ध चार अक्षरी शिवी घरातही सहज वापरू लागला आहे. मी रागावले तेव्हा तो म्हणाला, "बाबा गाडी चालवताना मराठीत काय बोलतात ते मला कळतं, आणि आजी तर मला फोनवर मेल्या म्हणते." ख्रिस्ती माणसाने शिवी देणे हे खरोखर पाप आहे, की हा केवळ सभ्यतेचा प्रश्न आहे?

उत्तर : ताई, आपल्या मुलाने दोन्ही साक्षीदार नेमके निवडले आहेत, तेव्हा त्याला गप्प करण्यापेक्षा त्याचे म्हणणे नीट तपासलेले बरे. इंग्रजीत शपथ घेणे आणि शिवी देणे यांना एकच क्रियापद चालते, त्यामुळे तिकडे हा विषय निघाला की बऱ्याच गोष्टींची सरमिसळ होते. आपल्याकडे शपथ, शाप आणि शिवी हे तीन शब्द स्वतंत्र आहेत, आणि बायबलमध्येही त्यांचा विचार वेगवेगळ्या ठिकाणी आलेला आहे.

शपथेचे लवकर आटोपते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की शपथ वाहूच नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे. त्यामुळे उठसूट 'आईशपथ' म्हणण्याची सवय मोडलेली चांगली. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञाही याच जातीची आहे. गेम हरल्यावर निघालेले 'ओ माय गॉड' तिच्यात बसते असे मला वाटते. दळण सांडल्यावर आजीच्या तोंडून निघालेले 'अरे देवा' मात्र पुष्कळदा खरीच हाक असते.

शिवीसंबंधी जो उतारा सर्वांना पाठ असतो, तो पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायातला, 29वे वचन. तोंडातून कुजके भाषण निघू नये, ऐकणाऱ्याची उन्नती होईल असेच निघावे, असा त्याचा आशय आहे. 'कुजके' या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द शुभवर्तमानात वाईट झाडासाठी आणि जाळ्यातल्या टाकाऊ माशांसाठीही आलेला आहे. आपण नाशिकचे असल्यामुळे हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. निफाडकडच्या कुठल्याही कांदाचाळीत पावसाळ्यात शिरून पाहा : आत पाऊल टाकताच वास येतो, पण सडलेला कांदा दिसत नाही, कारण तो खाली कुठेतरी दबलेला असतो, आणि हात घालून शोधू लागलो की त्याच्या शेजारचे चार कांदेही बोटांना ओले लागतात. पौलाचा रोख शब्दांच्या यादीवर नसून या पसरण्यावर आहे, असे मी समजतो.

म्हणून पायाला ठेच लागल्यावर तोंडातून सुटलेला शब्द आणि माणसावर नेम धरून फेकलेला शब्द यांना मी एका मापाने मोजणार नाही. पहिला असभ्य आहे, सवय म्हणून तो सोडवावा, पण त्यासाठी मुलाला नरकाची भीती घालू नये. दुसरा मात्र, त्यातला शब्द कितीही साधा असो, गंभीर आहे. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने भावाला 'राका' म्हणणाऱ्याला ताकीद दिली, आणि 'राका' म्हणजे फार तर रिकाम्या डोक्याचा. आपल्या बऱ्याचशा मराठी शिव्या तर समोरच्याला सोडून त्याच्या आईबहिणीवर जातात, आणि काही थेट जातीच्या नावावर. नाशिक-नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांनी ती नावे शिवी म्हणून अंगावर झेललेली आहेत. त्यांच्याच नातवंडांनी ती विनोद म्हणून वापरावीत, याला माझ्याकडे कसलीही सवलत नाही.

'मेल्या' हा शब्दशः शाप आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या जिभेने देवाची स्तुती करतो तिनेच त्याच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप देतो, असे याकोब आपल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात म्हणतो, आणि मुलगा उद्या तेही काढून दाखवील. पण आजीच्या तोंडी त्या शब्दातले मरण केव्हाच झिजून गेले आहे, "मेल्या, जेवलास का?" यात फक्त जेवणाची चौकशी उरते. मुलाला हे समजते, आणि आपल्याला ते समजते हेही त्याला ठाऊक आहे. (आजीला यातले काही कळवू नये, ती उगाच फोनवर जपून बोलू लागेल.)

खरी अडचण गाडीत आहे. परदेशी गेलेल्या माणसाला आपल्या भाषेची एक विचित्र मोकळीक मिळते : पुढच्या गाडीवाल्याला मराठी कळत नाही, म्हणून त्याला काहीही म्हणता येते. पण मागच्या सीटवर ती भाषा शिकणारा एकच विद्यार्थी बसलेला असतो. दिवसभर घरात इंग्रजी आणि संतापाच्या क्षणी मराठी, असे चालले, तर त्याच्या वाट्याला येणारी मराठी कोणती, हे आपल्या यजमानांना शांतपणे विचारा. शिवाय पुष्कळांना दुसऱ्या भाषेतली शिवी हलकी वाटते. तरी मुलाच्या इंग्रजी शिवीने आपल्याला धक्का बसला, आणि बाबांच्या मराठी शिवीकडे आजवर कानाडोळा झाला, हेही त्याने टिपलेले आहे.

ख्रिस्ती माणसाला राग येत नाही, असे मात्र त्याला सांगू नका. नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत पती नारायणरावांचा तापट स्वभाव मुळीच लपवलेला नाही, आणि ते तर मराठी मंडळ्यांना भजने देणारे कवी. पेत्राची गोष्टही त्याला वाचून दाखवा, मत्तय 26 : येशूला पकडून नेल्यावर अंगणात लोक या शिष्याला तुझ्या बोलीवरून तू कोण ते कळते असे म्हणाले, आणि त्या भीतीने तो शापू लागला, शपथा वाहू लागला. परक्या शहरात उच्चारावरून ओळखले जाणे काय असते, हे आपल्या मुलाला बहुधा आपल्याहून अधिक ठाऊक असेल. कदाचित शाळेत ती शिवी देण्यामागेही तेच कारण असेल. एकदा विचारून पाहा.

यजमानांनी महिनाभर गाडीत तोंड आवरावे, आणि चुकले तर मुलासमोरच "चुकलो" असे म्हणावे. मुलाला नुसती मनाई करून भागणार नाही, ठेच लागल्यावर काही तरी म्हणावेच लागते. 'आई गं', 'बाप रे', 'अरे देवा', 'हात्तिच्या' असा आपला साठा बराच मोठा आहे. रविवारी आजीचा फोन आला की आणखी चार शब्द तिलाच विचारायला सांगा.