ल्युसीनसारखाच रेणू बनवून कॅन्सर पेशीची रसद तोडता येत नाही का?

तुमचा प्रश्न असा: कॅन्सर पेशीला वाढायला ल्युसीन (प्रथिनं बनवणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एक) लागतं आणि ते लॅट-1 या वाहक प्रथिनातून आत येतं, तर ल्युसीनची नक्कल करणारा रेणू तिथे अडकवून द्यायचा, त्यात एवढं अवघड काय?

अडकवता येतो. बीसीएच नावाचा जुना रेणू हेच करतो, पण त्याची मात्रा मिलिमोलरमध्ये, म्हणजे बरीच जास्त लागते. डिशमधल्या पेशींवर ठीक आहे, रुग्णाच्या रक्तात तेवढा टिकवणं अवघडच. शिवाय रक्तातली फिनाइलअॅलनिन, आयसोल्युसीन वगैरे इतर अमिनो आम्लं लॅट-1 मधल्या त्याच खाचेसाठी आधीच गर्दी करून असतात.

खरी गोम पुढेच आहे. लॅट-1 अदलाबदल करतो: बाहेरचं एक अमिनो आम्ल आत, त्याच्या बदल्यात आतलं एक बाहेर. तुमची नक्कल फारच हुबेहूब झाली तर ती आत नेली जाईल आणि पुढच्या फेरीत तिच्याच बदल्यात पेशी आणखी ल्युसीन आत ओढेल. म्हणजे ओळख पटावी, पण पलीकडे जाता येऊ नये. दारातल्याला चेहरा ओळखीचा वाटावा आणि पाठीवरचं गाठोडं मात्र चौकटीत अडकावं, असं काहीसं.

याचा धागा थायरॉइडच्या टी-3 संप्रेरकात मिळाला. ते लॅट-1 ला चांगलं चिकटतं, पण आत फारसं जात नाही. त्यावर बेतून जपानमध्ये जेपीएच-203 तयार झाला (आता नाव नानव्हुरानलॅट). मूळ सांगाडा टायरोसीन या अमिनो आम्लाचा, अमिनो आणि कार्बोक्सिल गट मोकळे, कारण त्यांच्याशिवाय लॅट-1 ओळखच देत नाही. कडीवर दोन क्लोरीन आणि शेपटीला फिनाइल-बेंझोक्साझोल हा जाडजूड गट, म्हणजे ते गाठोडं. मात्रा थेट मायक्रोमोलरच्या (मिलिमोलरचा हजारावा भाग) खाली आली. गंमत म्हणजे यावरचा शोधनिबंध 2010 चा आणि लॅट-1 ची क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने) पाहिलेली रचना 2019 ची. खाच डोळ्यांनी न पाहताच हे सगळं जमवलं होतं!

तरी सुटका नाही. शरीरातलं नॅट-2 विकर या रेणूला अॅसिटिल गट लावून टाकतं. त्यामुळे पित्तमार्गाच्या कॅन्सरवरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ज्यांच्यात हे झपाट्याने होतं अशा रुग्णांना घेतलंच नाही. प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा) आजार बळावायला जास्त वेळ लागला, पण हा चमत्कार नव्हे.

आणि आपण नेमकं काय अडवलं, हेही तपासावं लागतं. ग्लुटामिन हे दुसरं अमिनो आम्ल वाहणाऱ्या एएससीटी-2 या प्रथिनाचा रोधक म्हणून 2018 मध्ये व्ही-9302 गाजला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने दाखवलं की तो एएससीटी-2 ला नाही, तर स्नॅट-2 (आणखी एक वाहक) आणि लॅट-1 ला अडवतो. पेशी मरतात एवढ्यावरून नेमकं हवं तेच दार अडलं, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

तुम्ही स्वतः रेणू बनवत असाल तर आधी एक प्रयोग करा. पेशींमध्ये किरणोत्सारी ल्युसीन भरा, बाहेरच्या द्रावणात तुमचा रेणू टाका आणि बाहेर येणारं ल्युसीन मोजा. ते वाढलं, तर अदलाबदलीत तुमचा रेणू आत चाललाय.