गावाला अनवाणी फिरल्याने मुलीला जंत झाले का?

ठाण्याची मुलगी मे महिन्यात गुहागरकडे आजोळी राहून आली आणि आता रात्री शीची जागा खाजवते. हे अनवाणी हुंदडण्याने झालं की आंबे-फणस खाऊन, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीमुळे नाही. मी याच पट्ट्यात आरोग्यसेविका आहे, हा प्रश्न दर जूनला येतो.

रात्रीची खाज म्हणजे बहुतेक सुतकृमी. मूल झोपलं की दोन-तीन तासांनी बॅटरी लावून बघा, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे वळवळताना दिसतात. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, मूल खाजवतं, अंडी नखांत, तिथून तोंडात, चादरीवर, शेजारी झोपलेल्याच्या हाताला. मातीशी संबंधच नाही. सुट्टीत माजघरात सगळी भावंडं एकाच अंथरुणात लोळतात, तिथे ते पसरतात. आता ठाण्याच्या बालवाडीतून तुमच्याच लेकीने ते गावी नेले नसतील कशावरून?

अनवाणी पायांतून शिरतो तो अंकुशकृमी. त्याच्या अळ्यांना ओल आणि सावली लागते, कडक उन्हात सुकून मरतात. म्हणजे मे महिन्यातलं तापलेलं अंगण नव्हे, पावसाळ्यातली पोफळीची वाडी, तीही जिथे लोक अजून उघड्यावर जातात अशी. हा जंत शीच्या जागी खाज आणत नाही, आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल पांढरंफटक दिसत असेल, पटकन दमत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

गोडाने जंत होत नाहीत, हे आजीला सांगा. वावडिंगाचा काढा द्यायचा तर देऊ दे, पण गोळीऐवजी नको.

शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते ती जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोलच. दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची एक पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. पण सुतकृमीला एका गोळीने भागत नाही. गोळीने जंत मरतात, अंडी उरतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. डॉक्टरांना विचारूनच घ्या, घरात कुणी गरोदर असेल तर नक्कीच. त्या दिवशी चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुवा (झटकू नका, अंडी उडतात), नखं कापा. पुढचे दोन आठवडे मुलीला रोज सकाळी उठल्या उठल्या आंघोळ.