वाचक विचारतात : डोंबिवलीचा नक्की कोण?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसांचं कौतुक मुंबई करते आणि घरपट्टी आपण भरतो, तर त्यावर एवढी पत्रं आली की हा महिना त्यातच गेला. रेसिपीवाल्या आणि केस गळतीवाल्या वाचकांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या वेळी नक्की. थोडी निवडक पत्रं घेतलीत, पत्रातले टोमणे वगळून.

प्रश्न : मुलाला शाळेत प्रोजेक्ट दिलाय, ‘माझ्या शहरातील नामवंत व्यक्ती’. आम्ही डोंबिवलीत तीस वर्षं राहतो. नेटवर शोधलं तर ज्याला आम्ही डोंबिवलीचा समजतो त्याचं जन्मगाव भलतंच निघतं. अजिंक्य रहाणेच्या नावापुढे आश्वी खुर्द लिहिलंय. मग प्रोजेक्टमध्ये लिहायचं कोणाला? बाईंनी ‘जन्मस्थान’ असा रकाना दिलाय. (एक आई, टिळकनगर)

ताई, चूक तुमची नाही, त्या रकान्याची आहे. आपल्याकडे बाळंतपण कुठे होतं? पहिलं तर माहेरी, हे ठरलेलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की बाई निघाली माहेराला, ती बाळाला घेऊन दोन-तीन महिन्यांनी परत. म्हणजे जन्मस्थान बघून माणूस कुठला ते कळत नाही, फार तर त्याचं आजोळ किंवा गाव कुठलं ते कळतं. माझंच बघा, जन्म दाखल्यावर साताऱ्यातल्या एका गावाचं नाव आहे, तिथे मी आयुष्यात सगळे मिळून दोन महिने राहिले असेन, तेही मे महिन्यात आंबे खायला. उपनगरातली अर्धी माणसं अशीच कागदावर दुसरीकडची असतात.

त्यामुळे मी माझ्यापुरता एक नियम केलाय, की माणूस शाळा-कॉलेजच्या वयात कुठल्या स्टेशनवरून गाडी पकडत होता ते बघायचं. ज्या स्टेशनचा पास, त्या गावचा माणूस. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण मला पटतो.

आता रहाणेला लावून बघा. जन्म ६ जून १९८८, आश्वी खुर्द, तालुका संगमनेर, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर). पण वाढला डोंबिवलीत, शाळा इथलीच, एस. व्ही. जोशी हायस्कूल. क्रिकेटची सुरुवातही इथेच मॅटिंगच्या पिचवर, आणि क्रिकेटबरोबर कराटे पण, त्यात ब्लॅक बेल्ट. त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की रिक्षाला पैसे नसायचे म्हणून आई एका हातात धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात त्याचं किट घेऊन ग्राउंडपर्यंत चालत न्यायची. डोंबिवलीचे रस्ते ज्याला माहीत आहेत त्याला ह्यात काय ते समजेल, मी वेगळं सांगत नाही. मग मोठं झाल्यावर किट घेऊन लोकलने मैदानावर जायचं. सकाळच्या डोंबिवलीच्या गाडीत नुसतं स्वतःला आत घ्यायचं म्हणजे काय असतं, त्यात ते ताबूत! लोक बोलतात, ढकलतात, ‘ए बाळा वर टाक ना ते’ म्हणतात आणि वर तर आधीच सगळ्यांच्या बॅगा.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे पण मुलाच्या प्रोजेक्टसाठी लिहून ठेवते. २०१३ ला दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण, २०१४ ला लॉर्ड्सच्या हिरव्यागार पिचवर १०३, आणि डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न. आधीच्या ॲडलेडच्या टेस्टमध्ये आपण ३६ वर ऑलआऊट झालेलो, रेग्युलर कॅप्टन घरी परतलेला (तोही बाळंतपणासाठीच, बघा विषय कसा फिरून येतो), टीममध्ये दोन नवे भिडू, आणि ह्याने कॅप्टन म्हणून ११२ काढले, मॅच आठ विकेटने जिंकली आणि पुढे सिरीजही २-१. आणि हे सगळं करताना चेहरा असा की जणू ठाण्याला उतरायला मिळालं एवढंच झालंय.

तर ताई, रकान्यात जन्मस्थान ‘आश्वी खुर्द’च लिहा, खोटं लिहू नका, मार्क जातील. खाली एक ओळ जास्तीची घाला : ‘वाढ, शाळा आणि लोकल : डोंबिवली’.

प्रश्न : आमच्या घरात वाद आहे. मी म्हणतो रोहित शर्मा डोंबिवलीचा, जावई म्हणतो बोरिवलीचा. जावई अर्थात बोरिवलीचे आहेत. निकाल द्या. (एक सासरे, डोंबिवली पश्चिम)

काका, जावयाशी वाद घालू नये हे तुम्हाला मी सांगायचं का! तुमच्या बाजूने आहे ते आधी सांगते. त्याचे आईवडील डोंबिवलीला एका खोलीच्या घरात राहायचे. वडिलांची कमाई बेताची, म्हणून मुलगा लहानपणापासून बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला, आणि शनिवार-रविवारी आईवडिलांना भेटायला डोंबिवलीला यायचा. शाळाही तिकडचीच, कोच दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत स्कॉलरशिपवर आणलं. जन्म म्हणाल तर नागपूरचा, म्हणजे तिसराच.

माझ्या नियमाने पास बोरिवलीचा, डोंबिवलीचं फक्त रिटर्न तिकीट. निकाल जावयाच्या बाजूने. पण एवढं बोलू शकता की आईच्या हातचं जेवायला पोरगं डोंबिवलीलाच यायचं, त्यावर जावई गप्प बसतील.

प्रश्न : तुम्ही नेहमी डोंबिवली डोंबिवली करता. आमचं कल्याण जुनं, ऐतिहासिक. आनंदीबाई जोशी आमच्या कल्याणच्या, त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. आणि नात म्हणते पहिल्या डॉक्टर त्या नव्हेतच, बंगालच्या कोणी बाई होत्या. खरं काय? (एक आजी, पारनाका, कल्याण)

आजी, कान पकडते. नातीचंही अगदी चूक नाही, कादंबिनी गांगुली ह्यांनीसुद्धा त्याच १८८६ साली कोलकात्यात शिक्षण पूर्ण केलं आणि त्यांनी नंतर वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केली, जी आनंदीबाईंच्या नशिबात नव्हती. दोघींचीही नावं घ्यावीत, एकीचं घेतलं म्हणून दुसरीचं पुसलं जात नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणच्या जोश्यांची मुलगी, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं गोपाळराव जोश्यांशी, ते बिजवर, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे आणि कल्याणच्या पोस्टात कारकून. आता इथे माझा गाडीचा नियम चालत नाही. रेल्वे कल्याणला १८५४ लाच आलेली, पण आनंदीबाईंना कल्याणातून बाहेर काढलं ते पोस्टाने. नवऱ्याची बदली अलिबाग, मग कोल्हापूर, मग थेट बंगाल, आणि प्रत्येक बदलीबरोबर ह्या बाई थोडं थोडं जास्त शिकत गेल्या. (गोपाळराव शिकवायचे खरे, पण चिडून मारायचेही, ते सुद्धा विसरू नये. त्यांचा पुतळा करायचा झाला तर दोन्ही बाजूंनी करावा.)

चौदाव्या वर्षी मूल झालं, दहाच दिवस जगलं. तिथून डॉक्टर व्हायचं डोक्यात बसलं. आणि पुन्हा पत्रच! अमेरिकेत न्यू जर्सीच्या रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे पडलेल्या मासिकात गोपाळरावांचं पत्र छापलेलं वाचलं आणि त्यांनी आनंदीबाईंना लिहायला सुरुवात केली. विचार करा, दात दुखत नसता तर! पत्रांतून मावशी-भाचीसारखं नातं जमलं आणि एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कोलकात्याहून बोटीने निघाल्या, नवरा बरोबर नाही, नऊवारी नेसून. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून मार्च १८८६ ला डिग्री, विषय घेतला तो हिंदू बायकांच्या बाळंतपणाचा. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये नेमणूक पण झाली होती. पण थंडी, खाण्याचे हाल, क्षय. परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती.

आणि आजी, तुमच्या नातीला हे सांगा, त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या, न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी नावाच्या गावी त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या आहेत, वर दगड आहे. कल्याणच्या जोश्यांची लेक तिथे कार्पेंटरांच्या घरच्यांमध्ये आहे.

प्रश्न : २०१७ च्या साहित्य संमेलनाला वडील घेऊन गेले होते, तेव्हा कमानीवर ‘पु. भा. भावे साहित्यनगरी’ असं नाव होतं. मी तेव्हा सातवीत होतो, आता वाचायला लागलोय. हे भावे कोण आणि डोंबिवलीचा काय संबंध? (एक विद्यार्थी, डोंबिवली पूर्व)

बरं वाटलं रे कोणीतरी विचारलं. ते नव्वदावं संमेलन, फेब्रुवारीत भरलेलं, अध्यक्ष अक्षयकुमार काळे. भावे (१९१०-१९८०) मूळचे धुळ्याचे, मग नागपूर, तिथे ‘आदेश’ नावाचं साप्ताहिक चालवलं, आणि पुढे डोंबिवलीकर. मराठी नवकथा म्हटलं की गाडगीळ, गोखले, माडगूळकर ह्यांच्याबरोबर चौथं नाव भाव्यांचं. भाषा अशी की वाक्य अंगावर येतं. मतं पण अंगावर येणारी, कट्टर सावरकरवादी, १९७७ ला पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मतांवरून त्यांना जोरदार विरोध झाला होता. त्यांची मतं मला सगळी झेपत नाहीत हे स्पष्ट सांगते, कथा मात्र वाच.

आणि भाव्यांबरोबर शं. ना. नवरेही वाच, शन्ना (१९२७-२०१३). ते तर डोंबिवलीच्या रोजच्या हवेतलेच. कथा, नाटकं, सिनेमे, सदरं, सगळीकडे हात. भावे आवाज चढवून बोलतात तर शन्ना गॅलरीत खुर्ची टाकून शेजाऱ्याशी बोलावं तसं लिहितात. एकाच गावात दोघं, काय गंमत असेल. मला विचारशील तर डोंबिवलीचा स्वभाव शन्नांचा आहे, भाव्यांचा नाही, पण हे आमच्या घरातसुद्धा सगळ्यांना मान्य नाही.

प्रश्न : घरडा सर्कलवरून रोज जाते. घरडा म्हणजे काय? (आजदे गाव)

काय नाही, कोण! डॉ. केकी घरडा, पारशी केमिकल इंजिनिअर, माटुंग्याच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग) विद्यार्थी, पुढे अमेरिकेत शिकून आले, यूडीसीटीत शिकवलं आणि मग स्वतःची कंपनी काढली, डोंबिवली एमआयडीसीत त्यांचा कारखाना. आयसोप्रोट्यूरॉन हे गव्हातलं तणनाशक देशात स्वस्तात बनवून दाखवलं हे त्यांचं गाजलेलं काम. २०१६ ला पद्मश्री, २०२४ मध्ये गेले, वय पंच्याण्णव. ते डोंबिवलीचे नव्हेत. पण आपण सगळे सकाळी मुंबईकडे पळतो आणि हे काम घेऊन उलट्या दिशेने इकडे आले, म्हणून सर्कल त्यांना शोभतं. सर्कलवरच्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलणार नाही, त्याला वेगळं सदर लागेल.

प्रश्न : सेंट्रल लाइनचंच कौतुक का? आमचा शार्दूल पालघरचा, पृथ्वी शॉ विरारचा! (एक पश्चिम रेल्वेवाला)

मान्य हो, शार्दूल ठाकूरसमोर तर डोंबिवलीवाल्यांनी पण हात जोडावेत, आमच्याकडे चढायला मिळत नाही एवढीच तक्रार, त्याला पालघरवरून गाठायला तासन् तास. शेवटी दिनेश लाड सरांनी त्याला आपल्या घरी बोरिवलीला ठेवून घेतलं. (हे तेच रोहितवाले लाड सर. एका माणसाने किती पोरांचा प्रवास वाचवावा!) आणि इंडियासाठी खेळून परत आला तेव्हा विमानतळावरून अंधेरीला जाऊन लोकल पकडून घरी गेला, ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. पृथ्वी शॉने २०१३ ला शाळांच्या हॅरिस शील्डमध्ये एका डावात ५४६ मारले तेव्हा नुकताच चौदाचा झाला होता.

आणि भांडण कशाला, जानेवारी २०२१ ची ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावरची मॅच आठवा. जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती तिथे कॅप्टन डोंबिवलीचा, ओपनर बोरिवलीचा, आणि पहिल्या डावात सहा विकेट गेल्यावर वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची पार्टनरशिप करणारा पालघरचा. सेंट्रल-वेस्टर्न दोन्ही वेळेवर होत्या.

प्रश्न : कल्याणच्या त्या हजार रनवाल्या मुलाचं पुढे काय झालं? (अनेक वाचक)

प्रणव धनावडे. जानेवारी २०१६, के. सी. गांधी शाळेकडून शाळांच्या भंडारी कपमध्ये ३२७ बॉलमध्ये नाबाद १००९, टीमचे १४६५. ए. ई. जे. कॉलिन्स ह्या इंग्लंडच्या शाळकरी पोराचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ चा रेकॉर्ड मोडला. वडील रिक्षाचालक. त्याला एमसीएची (मुंबई क्रिकेट असोसिएशन) महिना दहा हजारांची स्कॉलरशिप मिळाली होती, नंतर रन होईनात तेव्हा वडिलांनी स्वतः पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. मला विचाराल तर त्या १००९ इतकंच हे पत्रही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘पुढे काय झालं’ हे विचारायचं आता थांबवा, पोरगं पंधरा वर्षांचं होतं, त्याने दोन दिवस बॅटिंग केली, हिशोब पूर्ण झाला.

प्रश्न : एवढी नावं लिहिलीत, आपल्या भागातला एकही राजकारणी नाही? (एक कार्यकर्ता)

त्यांचे फोटो स्टेशनबाहेर लावलेत, मोठ्या साइजमध्ये. तिथेच बघा.