वाचकांचे प्रश्न : वेगवेगळी आयपी एक्स्चेंज एकमेकांना जोडताना

प्रश्न (नाशिक) : सातपूरला कारखाना, शहरात ऑफिस आणि पुण्यात शोरूम आहे. तिन्हीकडे वेगवेगळ्या विक्रेत्यांनी बसवलेली आयपी एक्स्चेंज (संगणकाच्या नेटवर्कवर चालणारी ऑफिसची टेलिफोन एक्स्चेंज) असून तिन्ही एसआयपीवर (कॉल जोडायची सर्वमान्य भाषा) चालतात. कारखान्यात एक्स्टेन्शन १०० ते १६०, ऑफिसात १०० ते १३० आणि पुण्यात २०१ ते २२० आहेत. आपापसात इंटरकॉम हवा आहे. एका वेळी फार तर आठ कॉल होतील. कोणता गेटवे घ्यावा?

उत्तर : गेटवेचं (दोन वेगळ्या यंत्रणांमधल्या दुभाष्या पेटीचं) कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. तिन्ही एक्स्चेंज एसआयपी बोलत असतील तर ती एकमेकांना एसआयपी ट्रंकने (दोन एक्स्चेंजमध्ये कॉल नेणाऱ्या जोडणीने) थेट जोडता येतात. मध्ये वेगळी पेटी लागते ती तीन प्रसंगी : एखादं एक्स्चेंज एच.३२३ सारखा जुना प्रोटोकॉल वापरत असेल तर, एखाद्या एक्स्चेंजमध्ये ट्रंकची सोय किंवा लायसन्सच नसेल तर, किंवा दोन जागांचे आयपी पत्ते सारखे असून बदलणं अशक्य असेल तर. तिसरी अडचण सर्वांत जास्त वेळा निघते, कारण बहुतेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हे नेटवर्क घेऊन येतात. दोन्ही टोकांना तेच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटमधून नेलेला खासगी बोगदा) जोडूनही पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, पलीकडे जात नाही. राउटरच्या मते तो पत्ता त्याच्याच घरात असतो. म्हणून आधी पत्ते वेगळे करा. कारखाना १०.१०.०.०, ऑफिस १०.२०.०.०, पुणे १०.३०.०.० अशी सरळ वाटणी पुढे दहा वर्षं डोकं शांत ठेवते. ते काम सुट्टीच्या दिवशी करा आणि प्रिंटर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्ही यांचे हाताने दिलेले पत्ते आधी लिहून काढा.

दुसरं काम नंबरांचं. कारखान्यात १०० आहे आणि ऑफिसातही १०० आहे. सगळे नंबर बदलायची गरज नाही, प्रत्येक जागेला पुढे एक अंक द्या. इथे २ हा अंक घेऊ नका : पुण्यात २०१ हे एक्स्टेन्शन आहे, त्यामुळे २०१ दाबल्यावर एक्स्चेंज ‘अजून एक अंक येतोय का’ म्हणून चार-पाच सेकंद थांबून राहील. ० बहुतेक ठिकाणी बाहेरच्या लाइनला दिलेला असतो, ९ ऑपरेटरला, तेही सोडा. कारखान्याला ५, ऑफिसला ६, पुण्याला ७ द्या. कारखान्यातून ६११५ दाबलं की तिथलं एक्स्चेंज कॉल ऑफिसच्या ट्रंकवर टाकेल आणि पुढचा ६ काढून ११५ पाठवेल.

हे करताना हमखास विसरलं जातं ते कॉलरचा नंबर बदलायचं. कारखान्याच्या १४५ वरून आलेला कॉल ऑफिसच्या फोनवर १४५ असाच दिसला, तर मिस्ड कॉलवर परत फोन करणारा माणूस ऑफिसातल्याच १४५ ला शोधेल, आणि तो नंबर तिथे नाहीच. तेव्हा ट्रंकवर जाताना कॉलर आयडीच्या पुढे ५ चिकटवा, म्हणजे ५१४५ दिसेल.

आणखी एक : १०० ते १०८ आणि ११२ हे एक्स्टेन्शन मुळात देऊच नयेत. १००, १०१ आणि १०८ हे पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे क्रमांक आहेत. आग लागल्यावर घाबरलेला कामगार १०१ दाबतो आणि स्टोअरमधला फोन वाजतो, हे परवडणारं नाही. निदान ११२ हा सामाईक आपत्कालीन क्रमांक तरी प्रत्येक फोनवरून, शून्य न लावता, त्याच गावच्या लाइनने बाहेर जाईल याची खात्री करा.

आता जोडणी. तिन्ही राउटरांमध्ये व्हीपीएन बोगदे टाका, वायरगार्ड किंवा आयपीसेक. प्रत्येक बोगद्याच्या निदान एका टोकाला स्टॅटिक सार्वजनिक आयपी हवाच, कारण अनेक ब्रॉडबँड जोडण्या आता सेवा कंपनीच्याच एनएटीमागे (एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक खासगी पत्ते लपवणारी सोय) असतात आणि त्यांना बाहेरून हाक मारता येत नाही. तीन जागांना तीन बोगदे पुरतात आणि आवाज सरळ मार्गाने जातो. सहा जागा झाल्या की हाच आकडा पंधरा होतो, तेव्हा मात्र मध्यवर्ती एक्स्चेंज ठेवून बाकीच्यांनी त्याला जोडावं. एनएटीमागच्या टोकाला वायरगार्डचा किपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा निरोप) २५ सेकंदांवर ठेवा.

प्रत्येक ट्रंकवर फक्त नेमका नमुना पाठवा : ६ आणि पुढे तीन अंक. ‘जो नंबर ओळखीचा नाही तो पलीकडे पाठव’ असा नियम दोन्हीकडे असला, तर चुकीचा नंबर दोन एक्स्चेंजमध्ये टोलवला जात राहतो. एसआयपीमध्ये मॅक्स-फॉरवर्ड्स हा टप्पे मोजणारा आकडा साधारण ७० पासून सुरू होऊन प्रत्येक टप्प्यावर एकाने उतरतो, म्हणून कॉल कधीतरी ४८३ (‘फार टप्पे झाले’) हे उत्तर मिळून थांबतो खरा. पण एक्स्चेंज दर वेळी नवा कॉल बनवून पुढे देत असेल तर तो आकडाही पुन्हा ७० होतो, आणि सगळे चॅनल भरेपर्यंत फेरा चालू राहतो.

कोडेकबद्दल (आवाजाचं डेटात रूपांतर करायची पद्धत) आमचं मत स्पष्ट आहे : जी.७११ ए-लॉ घ्या आणि तिन्हीकडे तोच पहिला ठेवा. जी.७२९ ‘आठपट बचत’ करतो असं सांगितलं जातं. कोडेकचा वेग ६४ ऐवजी ८ केबीपीएस असतो हे खरं, पण हेडरचं ओझं दोघांनाही सारखंच. दर २० मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. जी.७११ चं पाकीट १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर मिळून २०० बाइटचं, म्हणजे ८० केबीपीएस. जी.७२९ चं ६० बाइटचं, २४ केबीपीएस. वायरगार्डमधून गेल्यावर हे सुमारे १०७ आणि ५० होतात. आठ कॉलना जी.७११ ने एका दिशेला साधारण ०.९ एमबीपीएस लागेल. फायबरच्या जमान्यात तेवढ्यासाठी आवाज का खराब करायचा? शिवाय एका टोकाला जी.७२९ आणि दुसऱ्याला जी.७११ असलं की मधल्या एक्स्चेंजला रूपांतर करत बसावं लागतं आणि छोट्या पेट्यांचा प्रोसेसर तिथेच दमतो.

आवाज तुटतो तो बहुधा अपलोड भरल्यामुळे. राउटरवर आवाजाच्या पाकिटांना डीएससीपी ४६ ची (प्राधान्य सांगणारी) खूण आणि सर्वांत वरची रांग द्या, आणि एकूण अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये लागेल, कंपनीच्या उपकरणात नाही. बोगद्यात शिरताना ती खूण बाहेरच्या हेडरवरही उतरते का, ते तपासा. इंटरनेट कंपनी तिला मान देईलच असं नाही. पण तुमच्या स्वतःच्या राउटरवर तिचा उपयोग होतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की संभाषण सहज होतं, आणि नाशिक-पुणे अंतराला ही मर्यादा मुळीच अवघड नाही.

चाचणी या क्रमाने घ्या : आधी पिंग, मग ट्रंकचं ऑप्शन्सला (‘जागा आहेस का’ विचारणारा एसआयपी निरोप) उत्तर, मग साधा कॉल, होल्ड, ट्रान्सफर, आणि शेवटी किमान पस्तीस मिनिटांचा एक कॉल. पस्तीसच का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न (सांगली) : दोन शाखा ट्रंकने जोडल्या, व्हीपीएन नाही. कधी एकाच बाजूचा आवाज येतो, तर काही कॉल उचलल्यावर बरोबर अर्ध्या मिनिटात तुटतात. विक्रेता म्हणतो, इंटरनेट खराब आहे.

उत्तर : इंटरनेट खराब असतं तर कॉल कधी दहा सेकंदांत तुटला असता, कधी चार मिनिटांनी. दर वेळी तेवढ्याच वेळात तुटणारा कॉल टायमर तोडतो. तुमच्याकडे तो ३२ सेकंदांचा आहे. फोन उचलला की पलीकडून २०० ओके येतं आणि त्याला एसीके हे उत्तर जावं लागतं. ते पोचलं नाही तर पलीकडचं यंत्र २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवतं आणि ३२ सेकंदांनी कंटाळून कॉल सोडतं.

एसीके हरवतं कारण ते कॉन्टॅक्ट हेडरमधल्या पत्त्यावर जातं, आणि तिथे फोन उचलणाऱ्या बाजूच्या एक्स्चेंजने आपला खासगी पत्ता लिहिलेला असतो. आवाजाचंही तेच : एसडीपीमध्ये (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) ‘सी=’ या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तर पलीकडचं यंत्र आवाज त्या पत्त्यावर पाठवतं, आणि तो वाटेतच संपतो. एकाच कॉलचा ट्रेस काढून या दोन ओळी पाहिल्या की वाद मिटतो.

दुरुस्ती : एक्स्चेंजमध्ये बाहेरचा सार्वजनिक पत्ता आणि आतलं स्थानिक नेटवर्क दोन्ही भरा. ॲस्टरिस्क या एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये सिग्नलिंग (कॉलचे निरोप) आणि मीडिया (आवाज) यांचे बाह्य पत्ते वेगवेगळे भरावे लागतात आणि एकच भरून सोडलेला बऱ्याचदा सापडतो. डायरेक्ट मीडिया (एक्स्चेंज टाळून आवाज थेट नेणारी सोय) बंद करा. राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपी निरोपातले पत्ते आपोआप बदलणारी सोय) बंद करा. ते मदतीसाठी असतं, पण हेडर अर्धवट बदलून गोंधळ वाढवतं. फायरवॉलमध्ये आवाजाची पोर्ट रेंज उघडी हवी (ॲस्टरिस्कच्या नमुना फाइलमध्ये यूडीपी १०००० ते २००००), तीही फक्त समोरच्या शाखेच्या पत्त्यासाठी. खरा उपाय मात्र व्हीपीएनच आहे. एनएटी मधून निघून गेला की यातल्या बहुतेक गोष्टींची गरजच उरत नाही.

याच जातीचे आणखी दोन दोष लक्षात ठेवा. कॉल १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमर पाहा. तो बहुधा १८०० सेकंदांचा असतो आणि अर्ध्या वेळेला नूतनीकरणाचा निरोप जातो. एका बाजूला तो समजला नाही किंवा फायरवॉलने अडवला की कॉल संपतो. आणि ट्रंक हिरवी दिसते, ऑप्शन्सला उत्तर मिळतं, पण कॉल मात्र लागतच नाही, तेव्हा पाकिटाचा आकार तपासा. ऑप्शन्स छोटं असतं, इन्व्हाइट (कॉल सुरू करणारा निरोप) मोठं. दहा कोडेक यादीत ठेवले की ते १३०० बाइटांच्या वर जातं, यूडीपीवर त्याचे तुकडे होतात आणि बोगद्यात एखादा तुकडा हरवतो. कोडेक दोनवर आणा, किंवा सिग्नलिंग टीसीपीवर न्या.

प्रश्न (कोल्हापूर) : फाउंड्रीत ६४ लाइनींचं जुनं ईपीएबीएक्स (तारेच्या फोनांचं ऑफिस एक्स्चेंज) आहे, नव्या ऑफिसात आयपी फोन. जुनं काढायचं नाही. एफएक्सओ घ्यायचं की एफएक्सएस?

उत्तर : एफएक्सएस पोर्ट डायल टोन आणि घंटी देतं, म्हणजे भिंतीवरच्या लाइनसारखं वागतं. एफएक्सओ पोर्ट ते घेतं, म्हणजे फोनसारखं वागतं. देणाऱ्याला घेणारा जोडायचा. ईपीएबीएक्सचं एक्स्टेन्शन टोन देतं, त्याला गेटवेचं एफएक्सओ. ईपीएबीएक्सचं बाहेरच्या लाइनचं पोर्ट टोन घेतं, त्याला गेटवेचं एफएक्सएस. एका जोडीत एका वेळी एकच कॉल, म्हणून चार पोर्टचा गेटवे म्हणजे चार कॉल.

बाहेरच्या लाइनीची पोर्टं मोकळी असतील तर एफएक्सएस घ्या. कारण एफएक्सओचा जुना आजार असा की ईपीएबीएक्सकडच्या माणसाने फोन ठेवला हे गेटवेला कळतच नाही आणि पोर्ट तासन्‌तास अडकून राहतं. एफएक्सओ घ्यावंच लागलं तर एंगेज टोन ओळखण्याची सोय चालू करा. भारतीय टोन ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. पण ईपीएबीएक्सचा स्वतःचा टोन वेगळा असू शकतो, म्हणून तो ध्वनिमुद्रित करून मोजा. जोडीला शांततेवर कॉल सोडण्याची मर्यादा ठेवा. प्रतिध्वनी येत असेल तर इम्पीडन्स ६०० ओमवर आहे का ते पाहा आणि गेन दोन्ही दिशांना ३ डेसिबलने उतरवा.

ईपीएबीएक्समध्ये पीआरआय (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) कार्ड बसत असेल तर हे सगळं विसरा आणि ई१ गेटवे घ्या : ३० कॉल, शिवाय फोन ठेवल्याचा स्पष्ट संदेश. एक टोक नेटवर्क आणि दुसरं यूजर, दोन्हीकडे एचडीबी३ आणि सीआरसी४ ही लाइनची सेटिंगं सारखी, आणि दोन्हीकडे आरजे-४५ असेल तर क्रॉस केबल : १-२ ची जोडी पलीकडच्या ४-५ ला. क्लॉकचा (डिजिटल लाइनचा ताल कोण देणार याचा) प्रश्न मात्र नेटवर्क-यूजरच्या प्रश्नापेक्षा वेगळा ठेवा. ईपीएबीएक्सला टेलिफोन कंपनीचीही पीआरआय असेल तर क्लॉक तिथून येतं, ईपीएबीएक्स ते पुढे देतं आणि गेटवे ते घेतो. दोघांनीही आपापलं क्लॉक चालवलं की लाइन वर दिसते, पण दर थोड्या वेळाने टक् असा आवाज येतो आणि फॅक्स अर्ध्यात मरतो.

गेटवे ईपीएबीएक्सच्या शेजारीच बसवा आणि नव्या इमारतीपर्यंत फायबर न्या. दोन शेडमधून हवेतून नेलेली तांब्याची तार पहिल्याच वळवाच्या पावसात पोर्ट जाळते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : शाखा जोडल्यावर नागपूरच्या ग्राहकाचा कॉल आमच्या नेटवर्कने नागपूरला नेऊन तिथल्या लाइनवरून स्थानिक म्हणून लावता येईल का?

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या दहा मिनिटांचं काम आहे, पण करू नका. याला टोल बायपास म्हणतात आणि भारतातल्या दूरसंचार नियमांत तो बसत नाही. शाखांमधला अंतर्गत कॉल आणि सार्वजनिक लाइनचा कॉल वेगळे ठेवणं अपेक्षित आहे. कॉल सेंटरसारख्या सेवांना नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सवलती मिळाल्या. त्या आपल्यालाही लागू आहेत असं गृहीत धरू नका. एक्स्चेंजमध्ये ट्रंकवरून ट्रंकवर ट्रान्सफर बंद करा, कारण नियम नकळत मोडतो तो तिथे आणि कॉन्फरन्समध्ये. बाहेरचा कॉल दुसऱ्या शाखेत उतरवायचा असेल तर परवानाधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक घ्या आणि तुमची रचना त्यांना लेखी दाखवून लेखी उत्तर घ्या. तसंही देशभर एकाच दराने बोलायच्या काळात यातून वाचतं काय, हेही एकदा मोजा.

प्रश्न (पणजी) : दुसऱ्या शाखेच्या आयव्हीआरमध्ये (ध्वनिमुद्रित मेनू) ‘हिशेबासाठी २ दाबा’ म्हटल्यावर कधी काहीच होत नाही, कधी २२ समजलं जातं.

उत्तर : अंक पाठवायच्या पद्धती जुळत नाहीत. दोन्हीकडे आरएफसी २८३३ ही अंक वेगळ्या पाकिटांतून पाठवायची पद्धत ठेवा (नवा क्रमांक ४७३३) आणि पेलोड प्रकार १०१ आहे का ते पाहा. दोनदा समजतं तेव्हा गेटवे टोन आवाजातूनही सोडतो आणि वेगळ्या घटनेतूनही. आवाजातला बंद करा.

प्रश्न (ठाणे) : रात्री फोन वाजतात, १०००, १००१ असे नंबर दिसतात, उचलल्यावर शांतता.

उत्तर : तुमचं ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडं आहे आणि कुणाची तरी स्कॅन करणारी यंत्रं त्यावर ठोठावत आहेत. एखादा पासवर्ड सापडला की पुढचा टप्पा परदेशी कॉलचं बिल. राउटरमधलं ते पोर्ट फॉरवर्ड आजच काढा. शाखांसाठी व्हीपीएन पुरतं. फोनमध्ये ‘फक्त नोंदणी केलेल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्या’ हा पर्याय चालू करा. एक्स्टेन्शन आणि पासवर्ड सारखे असलेले सगळे फोन बदला, आयएसडी बंद करा, ज्यांना हवंच त्यांना पिनने द्या. मग गेल्या महिन्याचं कॉल रेकॉर्ड काढून रात्री ११ ते सकाळी ६ मधले बाहेर गेलेले कॉल तपासा. एखादा अनोळखी परदेशी नंबर दिसला तर त्याच दिवशी टेलिफोन कंपनीला लेखी कळवा.