चॉपलिफ्टरमध्ये सगळे ६४ ओलीस वाचवायचे कसे?

तुमचा प्रश्न ॲपल टू या जुन्या संगणकावरच्या मूळ चॉपलिफ्टरबद्दल आहे, म्हणजे हेलिकॉप्टरने ओलीस सोडवून आणायच्या खेळाबद्दल (१९८२, डॅन गॉर्लिन यांचा, ब्रॉडरबंड कंपनीने काढलेला): रणगाडे भरपूर उडवता, तरी निम्मे ओलीस मरतात. कारण सरळ आहे. या खेळात मारण्याचे गुणच नाहीत. पडद्यावर वरती तीनच आकडे दिसतात: किती मेले, किती हेलिकॉप्टरमध्ये आहेत, किती सुखरूप पोचले. तिसऱ्या आकड्यासाठीच खेळा.

बराकी ४, प्रत्येकीत १६ माणसं. हेलिकॉप्टरमध्येही १६च मावतात. म्हणजे चार भरलेल्या खेपांत काम होतं; ८-१० जणांना घेऊन घाईने परतलात तर खेपा वाढतात, आणि तुम्ही परत येईपर्यंत शत्रू आणखी सावध झालेला असतो. आधी फक्त रणगाडे, मग लढाऊ विमानं.

सगळ्यात जास्त माणसं जातात ती उतरताना, तीही आपल्याच हेलिकॉप्टरखाली. ते तिरकं असताना टेकवू नका. आधी वेग शून्यावर आणा, नाक सपाट होऊ द्या, मग घोळक्याच्या शेजारी मोकळ्या जागेत हळूच उतरा. ती इवलीशी माणसं हात हलवत स्वतःच धावत येतात, त्यांच्या डोक्यावर जायची गरज नाही. १६ भरले की उरलेली चढत नाहीत, मागे थांबतात. तेव्हा लगेच वर उचला.

जमिनीवर उभं हेलिकॉप्टर म्हणजे रणगाड्यांना आयतं सावज. म्हणून उतरण्याआधी आसपासचे रणगाडे साफ करा. त्यासाठी जॉयस्टिकच्या दुसऱ्या बटणाने हेलिकॉप्टरचं तोंड समोर, म्हणजे तुमच्याकडे, वळवा: मग मारा खाली होतो. रणगाड्याच्या बरोबर वर या आणि मारा. आडव्या तोंडाने, नाक खाली झुकवून मारलेली गोळी माणसांत शिरते. बराक फोडतानाही हेच लक्षात ठेवा: भिंत फुटली की गोळीबार थांबवा, कारण माणसं लगेच बाहेर येऊ लागतात.

एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) बाणाच्या कळा वापरत असाल तर आधी त्या सोडा. ॲपल टू ची जॉयस्टिक ॲनालॉग होती, थोडी ढकलली की थोडंच झुकायचं. कळ दाबली की मात्र दांडी पार टोकाला गेल्यासारखं होतं, मग सपाट उतरणं जमणार कसं? ॲनालॉग दांडीचा गेमपॅड लावा आणि मधला बिंदू नीट जुळवून घ्या. तो सरकलेला असेल तर हात न लावताही हेलिकॉप्टर एका बाजूला वाहत जातं.