चार रेघांवरून ड्रेस शिवला कसा?

प्रश्न: ताई, मी ड्रेस डिझायनिंगचा कोर्स करतेय. फ्रेंच ड्रेस डिझायनर क्रिस्तियान डिओरने स्वतः काढलेलं एक जुनं स्केच बघितलं, चेहरा नाही, हात अर्धवट, मापं नाहीत, शिवणी कुठे तेही नाही. आणि त्यांच्याच सेंटच्या जाहिरातीतली चित्रं बघा किती भारी! आमच्या मॅडम तर फ्लॅट ड्रॉइंग, म्हणजे शिवणी आणि तपशील दाखवणारं कपड्याचं सपाट चित्र, नसेल तर मार्क कापतात. मग त्या रेघोट्यांवरून कुणी काय शिवलं असेल?

उत्तर: अगं, आधी एक घोळ सोडवू. जाहिरातीतली ती चित्रं डिओरची नाहीतच, बरीचशी रने ग्रुओ नावाच्या चित्रकाराची आहेत, त्याचं काम गिऱ्हाईकाला भुरळ घालायचं. डिओरचं स्केच घरातल्या माणसांसाठी होतं, म्हणजे पॅरिसला ३०, आव्हेन्यू माँतेन्यला जे शिवणारे बसायचे त्यांच्यासाठी. कलेक्शन जवळ आलं की हा माणूस गावाकडच्या घरी जायचा आणि अंथरुणात, बाथटबमध्ये, जेवताना, गाडीत, जिथे सुचेल तिथे खरडत सुटायचा, आणि मग त्यातलं जे मनात बसलं ते धरून दोन-चार दिवसांत शेकडो चित्रं. ती जायची डिओरकडचं शिवणकाम सांभाळणाऱ्या मार्गरित कारे बाईंकडे. खरी जादू माझ्या मते इथे आहे! कारे बाई ती चित्रं कारागिरांना वाटून द्यायच्या, मग आधी साध्या पांढऱ्या सुती कापडात, आपण मांजरपाटात करतो ना तसा, कच्चा नमुना व्हायचा, तो मॉडेलच्या अंगावर चढवून बघायचे, पटला तरच पुढे भारी कापड. म्हणजे शिवणी, चुण्या, अस्तर हे सगळं कागदावर नाही, त्या नमुन्यावर ठरायचं. स्केचने फक्त खांदा कसा उतरतो, कंबर कुठे आवळते, घेर कुठून सुटतो एवढं सांगायचं. १२ फेब्रुवारी १९४७ च्या पहिल्या शोमधला तो बार सूट आठव, फिकट रंगाचं कंबरेत घट्ट जॅकेट आणि खाली काळा घेरदार स्कर्ट, डोळे मिटलेस तरी बाह्यरेषा दिसते की नाही!

आणि हात काही एका रात्रीत बसला नव्हता हं, तिशीत असताना डिओर टोप्यांची न् ड्रेसची स्केचेस विकूनच पोट भरत होता. मादाम ग्रे नावाच्या दुसऱ्या डिझायनर मात्र कापड थेट पुतळ्यावर गुंडाळूनच डिझाइन करायच्या, तेव्हा स्केच आलंच पाहिजे असंही नाही.

तुझ्याकडे कारे बाई नाहीत, त्यामुळे फ्लॅट ड्रॉइंग गुपचूप काढ, मॅडम बरोबर आहेत. पण त्याआधी पेनाने, खोडरबर न वापरता, दोन मिनिटांत फक्त खांदा, कंबर आणि घेर काढून बघ, शेजारच्या मैत्रिणीला ड्रेस कळला तर स्केच जमलं.