सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेत नवीन आलास ना भाऊ, मग एवढं ऐक

सभासदत्वाची पावती फाडली, छान केलंस. आता सुरुवातीला भाषणाच्या मागे लागू नको.

सगळ्यात आधी कागद. साहेबांशी तोंडी बोलणं झालं तरी निवेदन लेखी दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घेच. माझं पहिलं निवेदन मी नुसतं टेबलावर ठेवून आलो होतो. सहा महिन्यांनी उत्तर मिळालं, "असं काही आलंच नाही." काय बोलणार!

नवीन पोरं हमखास या चुका करतात:

- जीआर, म्हणजे शासन निर्णय, न वाचता भांडायला जातात. त्याची तारीख आणि क्रमांक हाताशी असला की आवाज चढवावा लागत नाही.
- साहेबांवरचा राग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काढतात. त्याचा स्क्रीनशॉट साहेबांच्या टेबलावर तुझ्याआधी पोचतो. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम एकदा वाचून घे.
- स्वतःचंच सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, वर्षानुवर्षं पाहत नाहीत.

हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघेल, तेव्हा आधी रजेचा अर्ज टाक. विधानभवनाच्या अलीकडे पोलीस अडवतात, मग शिष्टमंडळ आत जातं. तोवर बसून राहायचं. कंटाळून सटकू नको राजा, तिथली गर्दीच मोजली जाते.

जुनी पेन्शन, त्यासाठीचा मार्च २०२३ चा संप, त्यातले बारकावे नंतर सांगतो. या आठवड्यात फक्त तुझ्या शाखेतल्या दहा जणांच्या अडचणी वहीत लिहून आण. चतुर्थश्रेणीवाल्यांना विसरू नको, त्यांना कोणी विचारतच नाही.